जे नको आहे ते

१

आमच्या दोन घरांत एकच भिंत. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे मावशींची खाट. मी दुपारभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या आणि मावशींनी पलीकडे पडल्या पडल्या ऐकायचं. मशीन थांबलं की भिंतीवर टकटक व्हायची. म्हणजे, झालं ना, मग आता चहा टाक. मी दोन कप घेऊन जायचे. दार नुसतं लोटलेलंच असायचं.

मला त्या 'चौकशीची खिडकी' म्हणायच्या. "आली का खिडकी? आज काय काय कळलं?" खोटं कशाला बोलू, आहेच मी तशी. जिन्यात कुणाची पिशवी जड दिसली तरी आत काय आहे ते कळेपर्यंत मला घास उतरत नाही. आमचे हे म्हणतात, तुला नाक देताना देवाने हात फारच सैल सोडला. पण त्या नाकामुळेच मावशींच्या दुपारी बऱ्या जात होत्या, हेही तितकंच खरं.

त्यांचा मुलगा राजा. टक्कल पडलं, चष्मा जाड झाला, तरी राजाच. त्याचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला हललं, तेव्हा त्याने आणि सूनबाईंनी हे घर विकून तिकडे घ्यायचं ठरवलं. तिकडचं घर लहान. तिथे काय कुठे मांडायचं याची बोलणी रोज भिंतीतून ऐकू यायची.

"फ्रीजची जागा ठरली," मावशी चहा फुंकत म्हणाल्या. "टीव्हीची ठरली. कपाट तिकडच्या जिन्यात वळत नाही म्हणे, तर ते सुटं करून नेणार. माझं तेवढं ठरायचंय. मला सुटं करता येत नाही ना."

"तुम्ही राजाला सरळ विचारा की."

"विचारलं. म्हणाला, बघू." त्यांनी कप खाली ठेवला. "हे 'बघू' मीच शिकवलंय त्याला. सायकल मागायचा तेव्हा."

लेक चिमी लांब. तिच्याकडे सासू-सासरे दोघंही अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिथे जायची सोय नाही. एकूण काय, एका बाईला खाटेएवढी जागा हवी होती आणि ती कुणाकडेच नव्हती.

२

एजंटने बजावलं होतं, फोटो स्वच्छ हवेत. पसारा दिसला की लोक बोटाने पुढे सरकवतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी राजा मोबाईल घेऊन घरभर फिरला. मावशींच्या खोलीत आला तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून हेमिंग करत होते. मी लगेच उठून दाराआड झाले. माझा फोटो चांगला येत नाही.

मावशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, अंगावर राखाडी शाल. उशाशी औषधाच्या बाटल्या, बाजूला वॉकर, दोरीवर पंचा, खाली आमचे चहाचे दोन कप.

"केसांवरून हात फिरवू का रे?"

"राहू दे गं आई, आहे तसं."

फोटो काढून राजा तिथेच बसला. मोबाईलवर एक फुकटची साइट होती. तिच्यावर फोटो चढवायचा, खालच्या चौकटीत काय हवं ते लिहायचं की ती करून देते. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. राजाने लिहिलं, बाटल्या काढ. पडद्यावर एक गोल फिरलं, बाटल्या गेल्या. वॉकर काढ. वॉकर गेला. पंचा काढ. मला तर नवलच वाटत होतं, मी त्याच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होते.

सूनबाई दारात आल्या. "एकेक काय सांगत बसलाय? दिवस जाईल असा. सरळ लिहा ना, खोलीत जे नको आहे ते काढून टाक."

राजाने तसंच लिहिलं. गोल जरा जास्त वेळ फिरलं.

खोली आली. फरशी चकचकीत, खिडकीतून छान ऊन, भिंत कोरी. खाट नव्हती. खाटेवरच्या मावशीही नव्हत्या.

एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मला अजून वाटतं, त्या क्षणात कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मग सूनबाई म्हणाल्या, "अगंबाई, केवढी मोठी दिसते खोली!"

"मावशींनाच काढलंस की रे," मी म्हणाले.

"मी कुठे काढलं? मी काय आई काढ असं लिहिलं? फुकटचं आहे ते काकू, त्याला काय अक्कल."

मला पटलं. शाल राखाडी, चादर राखाडी. त्या यंत्राला अंथरुणाचा ढीग वाटला असणार. यात घाबरण्यासारखं काय होतं?

"मला बघू दे की," मावशींनी मोबाईल लांब धरून निरखून पाहिला. "बरी दिसतेय खोली. पंखा कधी पुसलात?"

"तोही त्यानेच पुसला," राजा म्हणाला.

"मग आमचीच घाण निघाली म्हणायची," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्या पाठोपाठ सगळेच हसले.

३

मला राहवलं नाही. "अरे, असं अपशकुनी ठेवू नये. मावशींना परत बसव त्यात."

"विकायच्या फोटोत माणसं नसतात काकू."

"नसू देत. माझ्या समाधानासाठी बसव."

तो वैतागलाच, पण त्याने लिहिलं: खिडकीपाशी खुर्चीत माझी आई बसव. गोल फिरलं. खुर्ची आली, खुर्चीत एक बाई आली. पांढरे शुभ्र केस, गुलाबी गाल, सगळे दात जागेवर. कुणाची तरी आई असेल, मावशी नव्हती.

"या बऱ्या आहेत हो," सूनबाई म्हणाल्या. "औषधपाणी लागत नसेल यांना."

ही थट्टाच होती. सूनबाई काही वाईट नाहीत. मावशींचं पाच वर्षं सगळं त्यांनीच केलंय, कधी आदळआपट करत, पण केलंय. माणूस दमतं. दमलं की तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो.

मावशींनी त्या बाईकडे बराच वेळ बघितलं. "हिची जागा ठरलीय का विचारा," त्या म्हणाल्या.

मग राजाने दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर जाहिरातीचा मजकूर मागितला. त्याने फक्त खोल्या किती, मजला कितवा, एवढंच भरलं होतं. मजकूर भराभर उमटत गेला आणि तो मोठ्याने वाचायला लागला. "प्रशस्त, हवेशीर, दोघांचं नीटनेटकं घर. मागची खोली अनेक वर्षं रिकामी असल्यामुळे भिंती नव्यासारख्या आहेत."

"रिकामी?" मी म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं?"

"ते असंच ठोकून देतं काकू. फुकटात मिळतंय आणि वर खरंही बोलायला पाहिजे का?"

मी म्हणाले, तेवढं वाक्य खोड. तो म्हणाला, खोडतो. दुसऱ्या दिवशी मी आमच्या ह्यांच्या मोबाईलवर ती जाहिरात शोधून काढली. वाक्य होतं तिथेच होतं. फोटोही तोच, रिकाम्या खोलीचा.

४

भिंतीवरची टकटक बदलली ती त्यानंतर.

आधी वाटलं, मावशींनी खाट सरकवून घेतली असेल. आवाज आता खालच्या बाजूने यायचा. मग वाटलं, हात दुखत असेल. आवाज इतका क्षीण झाला की ऐकायला मशीनच काय, नळसुद्धा बंद करावा लागायचा. एकदा मी भिंतीला कान लावला तर टकटक लांबून येत होती. मधे एक भिंत नसून दोन-तीन खोल्या असाव्यात तसं. आमची भिंत म्हणजे वीतभर. खिळा ठोकला तर पलीकडे टोक निघेल अशी.

मी स्वतःलाच समजावलं. बाई, तुझं वय झालं, कान तपासून घे.

चहा घेऊन जायचे तर मावशी असायच्या. असायच्याच. पण खोलीत शिरल्या शिरल्या दिसायच्या नाहीत, हे खरं. नजर आधी खिडकीवर जायची, फरशीवर जायची, मग शोधल्यावर त्या सापडायच्या, शालीच्या घडीतून एखादं टोक बाहेर यावं तशा. कप त्यांच्या हातात द्यायचे, गप्पा मारायचे, आणि उठताना बघावं तर कप काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"चहा घेतला नाहीत?"

"घेतला की," त्या म्हणायच्या. आणि मग आपणच कपात वाकून बघायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी गेले, तर त्या हसत हसत सांगायला लागल्या. "आज गंमत झाली. सकाळी मी अशीच, ह्या वेताच्या खुर्चीत बसले होते. राजा आला, मोबाईल बघत बघत, आणि बसला की माझ्या मांडीवर."

"म्हणजे?"

"म्हणजे बसला. खुर्चीत. मी होते ना खुर्चीत. बराच वेळ बसला, कुणाशी तरी बोलला, पाय हलवत होता. मग उठून गेला."

"आणि तुम्ही? ओरडला नाहीत?"

"ओरडणार होते." त्यांनी शाल गुडघ्यांवर सारखी केली. "पण लहानपणानंतर पहिल्यांदाच बसला गं तो. म्हटलं बसू दे."

म्हातारपणी भास होतात, डॉक्टरही सांगतात. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. मांडी होती. पण हात ठेवल्यावर आधी गार वेताची कड लागली, मग माणूस लागलं.

जाताना स्वयंपाकघरात डोकावले. सूनबाईंनी जेवायला दोन ताटं घेतली होती.

"मावशींचं?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना एखाद्या जुन्या भाडेकरूचं नाव विचारलंय. मग दचकल्या, कपाळावर हात मारला. "अगं बाई! माझं डोकं बघा, कुठे असतं." घाईघाईने तिसरं ताट काढलं. पण वाढताना दोनदा थांबल्या, कुणासाठी वाढतोय ते विसरल्यासारख्या.

५

मी राजाला जिन्यातच गाठलं. "तो पहिला फोटो दाखव. यंत्रात घालायच्या आधीचा."

"कशाला?"

"मला आपला बघायचाय. आहे ना?"

त्याने दाखवला. बाटल्या होत्या, वॉकर होता, पंचा होता. खाली दोन कप होते. खाटेवर चादर विस्कटलेली, उशीला मधे खळगा पडलेला.

मावशी नव्हत्या.

"राजा, मावशी कुठे आहेत यात?"

"आई ना? बाथरूमला गेली असेल तेव्हा."

"अरे, केस सारखे करू का म्हणून विचारलं त्यांनी! मी तिथे होते!"

"तुम्ही होतात काकू?" त्याने फोटो मोठा केला, लहान केला. "तुम्ही पण दिसत नाही."

मी दाराआड होते, मी कशी दिसेन. पण त्या क्षणी मला माझीच खात्री वाटेना. राजाचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. खोटं बोलणारा माणूस मला पायऱ्यांवरच्या चालीवरून कळतो. राजा खरंच आठवून बघत होता, आणि त्याला खरंच काही सापडत नव्हतं. त्याचं मला जास्त भय वाटलं.

"नव्या घरात मावशींची जागा कुठे ठरली?" मी विचारलं. विचारायचंच होतं कधीपासून.

तो थांबला. चष्मा काढून पुसला. "काकू, एक सांगू? त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. रात्र-रात्र झोप नाही. आता कित्येक दिवसांत झालं नाही भांडण." तो हलकं हसला. "कशावरून व्हायचं तेच आठवत नाही."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपर खाली न घेता म्हणाले, "त्यांची आई, त्यांचा फोटो, त्यांचं घर. तुझं यात काय आहे?"

"पलीकडून टकटक येते ना ती?"

"कसली टकटक?"

६

चिमीचा फोन आला तो असाच भर दुपारी. राजा आणि सूनबाई एजंटबरोबर कागदांसाठी बाहेर गेले होते. घर कुणाला तरी पसंत पडलं होतं. मागची खोली विशेष आवडली, असं सूनबाईंनी जाता जाता सांगितलं होतं.

"काकू, आई आहे का शेजारी? फोन उचलत नाही." चिमीचा आवाज चिरकत होता. "दादाला काल विचारलं, आई कशी आहे. तर म्हणतो, कुणाची? मला वाटलं थट्टा करतोय. काकू, त्याने थट्टा केलीच नव्हती."

"थांब, बघते मी. फोन ठेवू नकोस."

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असतेच. मजल्यावरच्या सगळ्यांच्याच असतात. आपलं नाक खुपसणाऱ्या बाईवर लोक विश्वासही ठेवतात. फोन कानाशी धरूनच मी आत शिरले. बाहेरच्या खोलीत सामान बांधून ठेवलेलं, खोक्यांवर नावं लिहिलेली. भांडी. पडदे. राजाचे बूट.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

फरशी चकचकीत. खिडकीतून छान ऊन. पंखा पुसलेला. खाटेचे पाय वर्षानुवर्षं जिथे टेकले होते तिथे फरशीला चार खळगे पडले होते, मी स्वतः तिथून केर काढलाय. फरशी सपाट होती. औषधांचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. आपण म्हणतो ना, घराला माणसाचा वास असतो, तो नव्हता.

"दिसली का आई?" कानात चिमी.

"मावशी," मी हाक मारली.

टकटक झाली.

भिंतीतून झाली. माझ्या-त्यांच्या मधल्या त्याच भिंतीतून. त्या भिंतीच्या अलीकडे मी उभी, पलीकडे माझं मशीन. मधे वीतभर विटा.

मी जवळ गेले. कोपऱ्यापाशी भिंतीचा रंग नीट बसला नव्हता. ओल्या रंगावरून कुणी घाईने फडकं फिरवावं तसा एक पट्टा फरफटला होता. त्या फरफटीत शालीची किनार होती, असं मला दिसलं. दिसलं असं वाटलं. किनारीच्या खाली भिंतीच्याच रंगाची चार बोटं, आणि त्यातल्या एकावर ठेचल्यासारखं लाल, सतत ठोकून ठोकून व्हावं तसं.

"खिडकी," आवाज आला. कुठून आला ते सांगता येत नाही. "उघडी आहेस का गं?"

"मावशी, मी आहे. मी इथेच आहे."

"इथे जागा नाही गं आता." आवाजात रडं नव्हतं. उलट संकोच होता, उसनी साखर मागताना असतो तसा. "तुझ्याकडे नेतेस का मला?"

आता मी जे सांगते ते नीट ऐका. मी नाही म्हणाले नाही. शपथ घेऊन सांगते, नाही म्हणाले नाही. मी हो म्हणणारच होते, तोंड उघडलंही होतं. फक्त त्याआधी डोळ्यांपुढून आमचं घर गेलं. खाट मधल्या खोलीत घातली तर बाल्कनीचं दार पुरतं उघडेल का, एवढंच मनात आलं. रात्री उठवायला लागलं तर हे कुरकुरतील, ते आलं. एवढंच. एका श्वासाएवढं.

ऊन होतं तसंच होतं. पंखा स्थिर होता.

"चला मावशी," मी म्हणाले. "चला, नेते की. हात द्या."

भिंत सरळ, कोरी, नव्यासारखी होती. मी तिच्यावरून हात फिरवला, दोन्ही हात फिरवले, कपाळ लावलं. रंग सगळीकडे सारखा बसला होता. मी ठोकलं. पुन्हा ठोकलं. पलीकडून फक्त माझ्याच घरातल्या घड्याळाची टिकटिक येत होती.

किती वेळ तशी उभी होते कुणास ठाऊक. मग फोनमधून आवाज आला. चिमी अजून लाइनवर होती. तिचा आवाज मोकळा झाला होता, चिरकत नव्हता. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"बोला ना काकू," ती म्हणाली. "आज कशी काय आठवण काढलीत?"

मी त्या भिंतीकडे बघत राहिले.

"काही नाही गं," मी म्हणाले. "सहज."